हनोईहून एक दिवस: खासगी गाडी, गाइड आणि उदबत्तीचं गाव

घडवंची

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं हनोईत होतो: मी, नवरा, दहावी संपवलेला मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. पाचातला एक दिवस खासगी गाडी आणि गाइड करून क्वांग फू काउ हे उदबत्तीचं गाव आणि निन्ह बिन्ह असा केला. मागे इथेच कुणीतरी विचारलं होतं, की हे 'फोटोचे दौरे' म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे का. तेव्हा मलाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून आता लिहिते. 'हा लाँग'चा उपसागर आणि हनोईची रेल्वेगल्ली यांवर ढीगभर धागे आहेत, ते सोडून देते.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रतिसाद त्यावरच येणार. गाडी, चालक, इंग्रजी बोलणारा गाइड आणि पाणी मिळून चौघांचे १४० डॉलर. तिकिटं आणि जेवण वेगळं. व्हिएतनामच्या डोंगचा हिशेब सोपा आहे, एका रुपयाला साधारण ३०० डोंग. चहा प्यायला बसलं तरी लाखाची नोट काढायची हौस फिटते.

कंपनीने पाठवलेला कार्यक्रम असा: आठला निघा, साडेनऊला उदबत्तीचं गाव, दुपारी बुफे, भर उन्हात होडी, मग डोंगर. मे महिन्यात हनोईत मुंबईसारखाच घाम येतो, वर वाऱ्याचा पत्ता नाही. मी आदल्या दिवशी गाइडला मेसेज केला: 'आम्ही पाचला खाली उभे असू. वाटेत एकही दुकान नको. जेवणानंतर एक तास कुणी काही दाखवायचं नाही.' त्याने अंगठा पाठवला आणि विचारलं, 'आजी पण पाचला?' म्हटलं, आजी चारला उठलेल्या असतील, तू ये.

खरं सांगायचं तर खासगी गाडीचे पैसे वसूल झाले ते एवढ्याचसाठी. ठिकाणं तीच, तिकिटं तीच, गाइडची माहितीही बहुधा तीच. घड्याळ मात्र आपलं.

गाव हनोईपासून दक्षिणेला तासाभरावर आहे. सव्वासहाला पोचलो तेव्हा बायका जुड्या मांडत होत्या. बांबूच्या बारीक काड्या, एका टोकाला लाल रंगात बुडवलेल्या. जुडी मधे बांधून उभी करायची आणि हाताने एक पीळ द्यायचा, की ती झेंडूसारखी फुलते. अशी शेकडो फुलं अंगणभर. फोटोत दिसतं तसंच आहे, त्याहून जास्तच लाल आहे. काही घरांनी जुड्यांचा देशाचा नकाशा आणि ताऱ्याचा झेंडा मांडून ठेवलाय, वरून फोटो घेता यावा म्हणून शिडी आणि माळाही बांधलाय. निळ्या-हिरव्या जुड्या निव्वळ फोटोसाठी, हे गाइडने स्वतःहून सांगितलं. माणशी ५०,००० डोंग घेतले, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आत. टोपी आणि आओ जाय, म्हणजे तिकडचा लांब अंगरखा, भाड्याने मिळतो. मी घेतला. का घेऊ नये?

सासूबाईंनी एक काडी उचलून नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं. 'अगं, वासच नाही.' कसा असेल, ही नुसती काडी. वासाचं लेपण पुढे होतं. त्यांचा मात्र हिरमोड झाला. उदबत्तीच्या गावाला येऊन उदबत्तीचा वास नाही, ही तक्रार त्यांनी ठाण्याला पोचेपर्यंत केली.

मुलगा दहा मिनिटांत गायब. शोधायला गेले तर शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा. आत बांबू चिरायची यंत्रं, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत भुसा, आणि तोंडाला फडकं बांधलेली एक बाई काड्यांचे भारे सारखे करतेय. त्या शेडला तिकीट नाही. त्याने दिवसभरात मोजून अकरा फोटो काढले, त्यातले सात तिथले.

साडेनऊला निन्ह बिन्हमधलं चांग आन. यादीतलं नाव आपण 'ट्रांग आन' वाचतो, पण तिकडे 'चांग' म्हणतात. २०१४ पासून जागतिक वारसा, निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. चुनखडीचे सुळके, मधून पाणी, पाण्यावर डोंगराखालून जाणाऱ्या गुहा. एका होडीत चार-पाच माणसं, वल्हवायला बहुतेक बायकाच. गुहेत छत इतकं खाली येतं, की सगळ्यांनी मांडीवर डोकं ठेवायचं. फोटो कमी येतात, कारण निम्मा वेळ अंधार आणि निम्मा वेळ तोंड उघडं. जवळजवळ तीन तास लागतात, आधी जाऊन या.

आमचा गाइड फोटो काढायचा तेव्हा 'मोत, हाय, बा' म्हणायचा. म्हणजे एक, दोन, तीन. पण तो सासूबाईंनाही 'बा'च म्हणत होता, कारण तिकडे आजीला बा म्हणतात. सूर वेगळा लागतो म्हणे, आपल्या कानाला काय कळणार. परिणाम असा, की प्रत्येक फोटोत तीनच्या ठोक्याला सासूबाई कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे वळून 'काय रे?' विचारताहेत. असे २३ फोटो आहेत. घरात तेच सगळ्यांना आवडले.

शेवटी साडेचारला हांग मुआचा डोंगर. पायऱ्या ५०० च्या आसपास, उंच-सखल. वर कड्यावर दगडी ड्रॅगन आणि खाली ताम कोकची नदी. मेअखेर तिथला भात पिकलेला असतो. पिवळ्या शेतातून वळत गेलेलं पाणी पाहिलं आणि मी पाच मिनिटं कॅमेरा काढलाच नाही. मग काढला आणि रांगेत उभी राहिले, कारण ड्रॅगनजवळच्या फोटोला रांग आहे. सासूबाई खाली कमळांच्या तळ्यापाशी नारळपाणी पीत बसल्या. रात्री नऊला हॉटेल.

विचारा काय विचारायचं ते.

---

टिकली

मस्त! वाखू (वाचनखूण) साठवली. 'काय रे?' वाले फोटो टाका ना. आणि शाकाहाराचं काय केलंत? माझ्या आईला कांदा-लसूण चालतो पण मासळीचा वाससुद्धा नको.

---

घडवंची

फोटो टाकते, सासूबाईंची परवानगी घेऊन.

शाकाहारासाठी 'आन चाय' हा मंत्र. चाय म्हणजे शाकाहारी. आम्ही मंत्र पाठ करून गेलो आणि निन्ह बिन्हमध्येच फसलो. हॉटेलात मी ठसक्यात 'कोम चाय' सांगितलं. कोम म्हणजे भात. आलं काय, तर कुरकुरीत करपवलेल्या भाताचे तुकडे आणि सोबत बकऱ्याच्या मटणाचा रस्सा. गाइड हात धुवायला गेला होता, तो येऊन पोट धरून हसला. जळका भातही 'कोम चाय'च, फक्त सूर वर चढवायचा. आणि निन्ह बिन्ह नेमकं त्याच भातासाठी आणि डोंगरी बकऱ्यासाठी प्रसिद्ध! रस्सा बाजूला सारून सासूबाईंनी तुकडे खाल्ले. 'भाताची खरवड आहे ही, एवढे पैसे कसले?' म्हणाल्या.

---

हनोईचा_पाहुणा

कामानिमित्त सहा वर्षं इथेच आहे. टिकली, नुसतं 'चाय' म्हणून थांबू नका, 'नुओक माम' नको हेही सांगा. ते मासळीचं पाणी. भाजी शंभर टक्के भाजीच असते, पण परतताना त्यात दोन चमचे पडतं आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारात मोजावंसं वाटत नाही, जसं आपण मिठाला मोजत नाही. 'चाय' पाटी असलेली बौद्ध पद्धतीची खानावळ मिळाली तर निर्धास्त जेवा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बरेच लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी सोपं जातं.

सर्वनामांबद्दल: इथे 'तू-तुम्ही' असं नसतंच, नातंच लावायचं. वयाने मोठी बाई 'ची', मोठा माणूस 'आन्ह', आईच्या वयाची 'को', आजी 'बा'. होडीवालीला 'ची' म्हणून हाक मारा, लगेच ओळख झाल्यासारखी बोलते. आपल्याकडे ताई म्हटल्यावर भाजीवाली जुडी थोडी जाड देते, तसंच.

---

खडूस_आजोबा

लेख वाचला. प्रश्न एकच. रंगीत जुड्या फोटोसाठी, नकाशा फोटोसाठी, माळा फोटोसाठी, भाड्याचा पोशाख फोटोसाठी. मग तुम्ही पाहिलं काय? हे गाव आहे की सेट? असे फोटो घरबसल्या हजार मिळतात. पहाटे पाचला म्हाताऱ्या बाईला उठवून सेट बघायला नेणं मला तरी पटलं नाही.

---

टिकली

आजोबा, बाई चारलाच उठल्या होत्या, नीट वाचा.

---

घडवंची

आजोबा, निम्मं मान्य. मलाही अंगणात उभं असताना तेच वाटलं. फुलांच्या मधोमध एक मुलगी पांढऱ्या आओ जायमध्ये बसली होती, ती काही काड्या वाळवत नव्हती. पण मांडणी करणाऱ्या दोघी होत्या त्या खरंच वाळवत होत्या. आठ वाजता ढग आले तेव्हा दोघींनी फोटोवाल्यांना हाकलून भराभर जुड्या गोळा केल्या. माझा आओ जाय घातलेला सर्वांत चांगला फोटो त्यात गेला. सेट असता तर ढगांची एवढी भीती कशाला?

---

काडीवाला

पहिल्यांदाच लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. या गावाबद्दल थोडं सांगता येईल, कारण सोलापुरात वडिलांचं उदबत्तीचं छोटं युनिट होतं. गावाचं नाव तेव्हा माहीत नव्हतं, पण व्हिएतनामची काडी आमच्या घरात लहानपणापासून.

कसं आहे, हाताने वळायची उदबत्ती चौकोनी काडीवरही वळते. घरोघरी बायका पाटावर वळायच्या, त्यांना काडी जराशी वाकडी असली तरी चालायची. यंत्र आलं आणि सगळं बदललं. यंत्राला गोल, सरळ, एकसारखीच काडी हवी, १.३ मिलिमीटर. एक काडी जाड आली तरी यंत्र अडतं. अशी काडी व्हिएतनाम आणि चीनमधून यायची. नुसती काडीच नाही, मसाला लावलेली कच्ची बत्तीही यायची. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट, वास नाही. इथे फक्त सुगंधात बुडवायची, वाळवायची, पुड्यात भरायची. म्हणजे आपल्या देवापुढची बरीचशी उदबत्ती निम्मी परदेशी होती, आणि पाकिटावर चंदन-मोगरा.

मग ३१ ऑगस्ट २०१९ ला सरकारने उदबत्तीची आयात निर्बंधित यादीत टाकली, परवान्याशिवाय आणता येईना. जून २०२० मध्ये बांबूच्या काडीवरचं शुल्क १० टक्क्यांवरून २५ वर नेलं. हेतू इथला रोजगार आणि इथला बांबू. हेतूला नावं ठेवत नाही, वळणाऱ्या बायकांचं काम यंत्राने आणि आयातीनेच गेलं होतं. पण छोट्या युनिटवाल्याला दोन महिने काडीच मिळाली नाही, हेही खरं.

आता सांगायचा मुद्दा. इकडे दार लागलं तेव्हा तिकडच्या एखाद्या अंगणातही माल पडून राहिला असणारच. माणशी ५०,००० डोंग ही त्यांना आयतीच सापडलेली वाट असेल तर मी त्याला सेट म्हणणार नाही. आम्हाला तशी वाट सापडली नाही. वडिलांनी यंत्र विकलं.

---

रिकामा_घडा

काडीवाला, दंडवत. लिहीत राहा राव.

---

खडूस_आजोबा

काडीवाला, हे माहीत नव्हतं. 'सेट' शब्द मागे घेतो. पहाटे पाचचा मुद्दा कायम.

---

तिसरी_घंटा

अवांतर होईल, पण एकच फोटोदौरा करायचा असेल तर मी मध्य व्हिएतनाममधलं दा नांग सुचवेन. आम्ही गाडी करून सकाळी 'मी सोन' आणि संध्याकाळी होई आन हे जुनं बंदराचं गाव केलं. 'मी सोन' म्हणजे तिथल्या जुन्या चंपा राज्याची शिवमंदिरं. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली. विटांची देवळं डोंगरांच्या वाटीत बसलेली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत बरीच पडली, खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्तीला होती आणि मे २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अख्खं वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. माझ्या बाबांनी तिथे चप्पल काढली. सांगायला कुणी नव्हतं.

दा नांगजवळच्या बा ना डोंगरावरचा, दोन हातांनी तोललेला सोनेरी पूल मात्र वगळला तरी चालेल. २०१८ चा आहे, १५० मीटर लांब, आणि ते शेवाळलेले दगडी हात दगडाचे नाहीतच, जाळीवर फायबरग्लास. दहानंतर पुलावर फक्त डोकी.

---

टिकली

पूल वगळू? माझी लेक त्या पुलासाठीच येतेय!

---

तिसरी_घंटा

मग पहिल्या केबलकारने वर जा आणि लेकीला आधी पूल दाखवा, बाकी वरचं फ्रेंच धाटणीचं गाव नंतर. घडवंचीताईंचंच सूत्र.

---

पाणपोई

एकटीने जाणाऱ्यांसाठी: १४० डॉलर एकटीला परवडत नाहीत. मी हनोईहून सकाळच्या रेल्वेने निन्ह बिन्हला गेले, सव्वादोन-अडीच तास, तिथे स्कूटरवाला केला. उदबत्तीचं गाव त्यात बसत नाही. चांग आनऐवजी ताम कोक केलं, तिथल्या बायका पाठ टेकून पायांनी वल्हवतात. हातांत भरतकाम, आणि परतीच्या वाटेवर ते भरतकाम तुमच्या मांडीवर. नाही म्हणायचं असेल तर आधीच म्हणा. मला जमलं नाही, घरात तीन टेबलक्लॉथ आहेत.

---

रिकामा_घडा

दुकानांचं लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही गटासोबत हा लाँगला गेलो होतो, जाताना एका 'हस्तकला केंद्रा'त पाऊण तास आणि येताना मोत्यांच्या दुकानात पाऊण तास. बसला कुलूप, बाहेर ऊन, करा खरेदी. कंपनीचं नाव लिहीत नाही. खासगी गाडीतही हे होतं का?

---

हनोईचा_पाहुणा

होतं. लेखी कबूल करून घेतलं तर नाही होत. अजून दोन गोष्टी आधी विचारा: गाइडकडे परवाना कार्ड आहे ना, आणि 'गाइड' म्हणजे वेगळा माणूस की चालकच थोडं इंग्रजी बोलतो. दर त्यावर ठरतो.

ड्रोन नेऊ नका. संरक्षण खात्याची परवानगी लागते आणि ती पर्यटकाला सहज मिळत नाही. हवामानाचंही बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेला दिवसचे दिवस बारीक झिमझिम असते, तेव्हा उदबत्तीच्या गावात अंगणं रिकामी. सगळ्यात गजबज तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आधीचे दोन महिने. पण पिवळा भात हवा असेल तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. दोन्ही एकदम मिळणं घडवंचींना साधलं, त्यात नशीबही आहे.

---

टिकली

टिप किती दिलीत?

---

घडवंची

गाइडला १५ डॉलर, चालकाला पाच, होडीवाल्या 'ची'ला एक लाख डोंग. जास्त की कमी माहीत नाही. त्या बाईंनी तीन तास आम्हा चौघांना ओढलं, त्यात माझा नवरा एक. एक लाख मला कमीच वाटले.

---

काडीवाला

घडवंचीताई, एक विचारू का? तिथून एखादी काडी आणलीत का? लांबी मोजून सांगाल? आठ-नऊ इंच असेल तर ती भारतासाठीची. तिकडची स्वतःची उदबत्ती बरीच लांब असते.

---

घडवंची

सासूबाईंनी एक आणली आहे! पिशवीत उभी बसेना म्हणून छत्रीला बांधून आणली. थांबा, फूटपट्टी शोधते.

...

सव्वापंधरा इंच. पण टोक थोडं काळं झालंय, त्यामुळे पाव-अर्धा इंच धरा वर.

---

काडीवाला

म्हणजे तिकडच्याच देवाची. टोक काळं कशाने झालं? पेटवू नका हं ती, मसाला नाही तिला, नुसता बांबूचा धूर होईल.

---

घडवंची

झालाच. काल संध्याकाळी देवापुढे लावून बघितली त्यांनी. म्हणाल्या, 'कुणी सांगावं, पेटल्यावर तरी वास येईल.'